मैत्रीचा मान आणि नेमणुकीची पडताळणी

(सहकारी पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि लघुउद्योग यांच्या चालकांसमोर बुलढाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बुलढाणा जिल्ह्यात नव्या माणसाची पहिली चौकशी ‘कुठले?’ अशी होते आणि दुसरी ‘कोणाचे?’ अशी. घाटावरचा असो वा घाटाखालचा, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की समोरच्या माणसाविषयी पुरेशी माहिती मिळाली असे समजले जाते. या रीतीत वाईट काही नाही. शेतीचा व्यवहार, आडतीवरची उधारी, सोयरीक, सार्वजनिक उत्सवाची वर्गणी, हे सारे शतकानुशतके याच ओळखीवर चालत आले आहे. परंतु पतसंस्थेच्या रोखपालाची, शाळेच्या शिक्षकाची किंवा रुग्णालयातील औषधनिर्मात्याची नेमणूक करावयाची असते, तेव्हा या दोन प्रश्नांच्या जोडीला तिसरा प्रश्न विचारावा लागतो. ‘याला हे काम येते का, आणि तसे सांगणारा कागद खरा आहे का?’ मित्राच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न विचारावयाचा राहून जातो.

तो राहून जाण्यामागे दुष्टपणा नसतो, संकोच असतो. पंचवीस वर्षांपूर्वी एका बाकावर बसून शिकलेल्या माणसाला ‘मूळ गुणपत्रिका दाखव’ असे म्हणणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे, असे वाटते. शिवाय मनात एक हिशेब असतो की, परक्यापेक्षा ओळखीचा माणूस बरा, निदान तो फसवणार तरी नाही. हा हिशेब अर्धाच खरा आहे. मित्राच्या स्वभावाची माहिती मित्राला असते; पण त्याने मधल्या वीस वर्षांत कोठे, कोणत्या पदावर, कसे काम केले आणि ते का सोडले, याची माहिती बहुधा नसते. ओळख असते ती विद्यार्थिदशेतल्या मुलाची आणि नेमणूक होते ती चाळिशीतल्या प्रौढाची.

पैसा कोणाचा, जोखीम कोणाची?

स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या भांडवलावर कोणी मित्राला बसविले आणि तो अपात्र निघाला, तर नुकसान दुकानदाराचे होते. संस्थेचे तसे नाही. हा जिल्हा सहकाराचा जिल्हा आहे. १९८६ साली सुरू झालेल्या बुलढाणा अर्बनसारख्या पतसंस्थेने या जिल्ह्याचे नाव महाराष्ट्राबाहेर नेले. गावोगावच्या लहान पतसंस्थांत कापूस आणि सोयाबीन विकून आलेला पैसा ठेवलेला असतो. मुलीच्या लग्नासाठी राखलेली रक्कम असते. सेवानिवृत्त शिक्षकाची आयुष्याची पुंजी असते. ठेवी अडकल्या म्हणजे काय होते, हे या जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१४ मध्ये देशातील २३ परवानारहित जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. त्यांत महाराष्ट्रातील तीन बँका होत्या : नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. त्या संकटाची कारणमीमांसा हा आजचा विषय नव्हे. परंतु संस्था अडचणीत आली की संचालक मंडळात कधीही न बसलेला, कोणाचाही मित्र नसलेला साधा ठेवीदार पहिल्यांदा भरडला जातो, एवढे त्यातून ध्यानात घ्यावे.

एक सरळ उदाहरण घेऊ. समजा, एका पतसंस्थेत सोनेतारणाचे काम वाढले आणि दागिन्यांचे मूल्यांकन करण्यासाठी माणूस हवा झाला. अध्यक्षांचा बालमित्र पुढे आला. ‘दहा वर्षे सराफी पेढीवर होतो’ असे त्याने सांगितले, एक अनुभवपत्र दिले आणि तो रुजू झाला. पेढीला कोणी दूरध्वनी केला नाही. प्रत्यक्षात तो त्या पेढीवर होता दोनच वर्षे, आणि तेही हिशेबाच्या कामावर. त्याने एक पैशाचाही अपहार केला नाही. पण मुलामा दिलेल्या बांगड्या त्याला ओळखता आल्या नाहीत. कर्ज थकले, तारण वितळविले, तेव्हा सोन्याऐवजी तांबे निघाले. या प्रसंगात चोर कोणीच नाही. तरीही ठेवीदाराचा पैसा गेला, अध्यक्षांची पत गेली आणि चाळीस वर्षांची मैत्रीही गेली. एका दूरध्वनीने या तिन्ही गोष्टी वाचल्या असत्या.

शिफारस आणि जामीन

पडताळणी ही पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्राची देणगी आहे, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. ज्या सिंदखेडराजात जिजाऊंचा जन्म झाला तो याच जिल्ह्यातला. त्यांच्या पुत्राने उभारलेल्या राज्यात नेमणुकीची रीत काय होती, हे पाहण्यासारखे आहे. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंद आहे की, शिवाजी महाराज भरतीस आलेल्या माणसाला स्वतः पारखून घेत आणि जो परिचयाचा नसेल त्याच्या इमानाबद्दल व वर्तनाबद्दल आधीपासून चाकरीत असलेल्या माणसाचा जामीन घेत. गडाचा कारभारही एका हाती नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे समान दर्जाचे अधिकारी असत. किल्ला एकाच्या मर्जीवर सोडलेला नसे. वंशपरंपरेने आलेल्या वतनापेक्षा रोख वेतन आणि कामाची परीक्षा यांवर भर असे.

या रीतीत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, ओळखीला तेथे पूर्ण मज्जाव नव्हता. चाकरीतला माणूस आपल्या गावच्या, आपल्या नात्यातल्या तरुणाला पुढे करू शकत होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पुढे करणारा केवळ शिफारस करून मोकळा होत नसे. तो जामीन राहत असे. नव्या माणसाने दगा दिला तर जाब त्याला द्यावा लागे. आजच्या शिफारशीतून हा जामिनाचा भाग गळून पडला आहे. ‘आपला माणूस आहे, घ्या’ असे म्हणणाऱ्याचे नाव कोणत्याही कागदावर नसते. पुढे काही घडले की, तो ‘मला काय ठाऊक?’ म्हणून हात वर करतो. संस्थेने एवढे जरी केले की तोंडी शिफारस स्वीकारावयाची नाही, शिफारस करणाऱ्याने उमेदवाराला किती वर्षांपासून, कोणत्या नात्याने आणि कोणत्या कामातून ओळखतो हे लिहून सही करावी, तर निम्म्या शिफारशी आपोआप थांबतील. ज्या उरतील त्या मोलाच्या असतील.

हाच नियम अनुभवपत्राला लागू आहे. जुना सहकारी भेटतो, ‘दोन वर्षांचे पाच कर’ म्हणतो आणि भिडेखातर तसे लिहून दिले जाते. लिहिणाऱ्याला वाटते की, आपण एका गरजू माणसाचे भले केले. प्रत्यक्षात त्याने दुसऱ्या संस्थेच्या ठेवीदाराच्या, विद्यार्थ्याच्या किंवा रुग्णाच्या खर्चाने औदार्य दाखविलेले असते.

कायदा नातेवाईक जाणतो, मित्र जाणत नाही

हितसंबंधांविषयी कायदे पुष्कळ आहेत. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १८८ प्रमाणे संचालकाच्या नातेवाइकाला कंपनीत लाभाचे पद द्यावयाचे तर ठरावीक मंजुरी लागते. माधवपुरा बँकेच्या २००१ सालच्या पतनानंतर रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २००३ पासून नागरी सहकारी बँकांना संचालक व त्यांचे नातेवाईक यांना कर्जे देण्यास मनाई केली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८८ खाली संस्थेचे नुकसान करणाऱ्या पदाधिकाऱ्यावर वैयक्तिक जबाबदारी निश्चित करता येते. खाजगी शाळांतील नेमणुकांसाठी १९७७ चा अधिनियम व १९८१ ची नियमावली आहे आणि त्यांत शैक्षणिक अर्हता निश्चित केल्या आहेत.

यांतील काही तरतुदींत ‘नातेवाईक’ या शब्दाची व्याख्या सापडते. ‘मित्र’ या शब्दाची सापडत नाही. कायद्याला मैत्री मोजता येत नाही. म्हणूनच मित्राची नेमणूक कायद्याच्या चौकटीत बसते आणि तरीही अयोग्य असू शकते. कायद्याची हद्द संपते तेथे व्यावसायिक नीतीचे काम सुरू होते. अमुक उमेदवार आपला मित्र आहे, हे संचालकाने स्वतःहून सभेत सांगावे, तशी नोंद इतिवृत्तात व्हावी आणि त्या निवडीच्या चर्चेतून व मतदानातून त्याने बाहेर राहावे. एवढे केले तर मैत्री लपविण्याचे कारणच उरत नाही. लपवून केलेली योग्य नेमणूकही संशयास्पद ठरते आणि उघडपणे झालेल्या नेमणुकीवर पुढे कोणी बोट ठेवले तर उत्तर देता येते.

कागद तपासावा कसा?

पुष्कळ संस्थांत ‘कागदपत्रे पाहिली’ याचा अर्थ छायाप्रती फायलीत लावल्या एवढाच असतो. त्यावर ‘सत्यप्रत’ असा शिक्का असला की समाधान होते. हा शिक्का काय सांगतो? दाखविलेल्या मूळ कागदाशी ही प्रत जुळते, एवढेच. तो मूळ कागद खरा होता की बनावट, हे शिक्का सांगत नाही. म्हणून मूळ प्रमाणपत्र पाहणे ही पहिली पायरी आणि ते देणाऱ्या संस्थेकडून थेट खात्री करून घेणे ही दुसरी. या खात्रीसाठी प्रमाणपत्रावर छापलेला दूरध्वनी क्रमांक वापरू नये. विद्यापीठाचा वा मंडळाचा पत्ता स्वतंत्रपणे शोधावा. बनावट कागद करणारा त्यावर खरा क्रमांक कशाला छापील?

थोडे स्थानिक ज्ञानही कामी येते. बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालये पूर्वी १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी अस्तित्वात आले आणि २००५ साली त्याला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. म्हणजे १९८० सालच्या पदवीवर अमरावती विद्यापीठाचे नाव असेल, किंवा १९९५ साली दिलेल्या मूळ पदवीवर ‘संत गाडगेबाबा’ असे शब्द असतील, तर तेथेच थांबून चौकशी करावी. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या कागदावर ‘जिल्हा वाशीम’ असेल तर तो कागद त्या काळचा नाही. मात्र दुय्यम प्रतीवर नवे नाव असू शकते, हेही लक्षात ठेवावे. एका विसंगतीवरून निर्णय घ्यावयाचा नसतो. विचारणा करावयाची असते.

व्यवसायाला नोंदणी आवश्यक असेल तर पदवीइतकेच नोंदणीपुस्तक पाहावे. डॉक्टरची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, औषधनिर्मात्याची राज्य औषधनिर्माण परिषदेकडे, परिचारिकेची परिचर्या परिषदेकडे आणि वकिलाची महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे असते. सनदी लेखापालाने दिलेल्या प्रमाणपत्रांवर २०१९ पासून विशिष्ट ओळख क्रमांक असतो आणि तो संकेतस्थळावर पडताळता येतो. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमधून उमेदवाराला आपली अनेक प्रमाणपत्रे थेट मूळ नोंदीतून दाखविता येतात. पूर्वीच्या मालकाकडे तीन गोष्टी विचाराव्यात : केव्हापासून केव्हापर्यंत, कोणत्या पदावर, आणि पुन्हा संधी मिळाली तर याला घ्याल का? तिसऱ्या प्रश्नानंतर पलीकडे जो विराम पडतो तोही ऐकावा. मात्र ही चौकशी उमेदवाराची लेखी संमती घेऊनच करावी आणि मिळालेली माहिती कार्यालयात चघळण्याचा विषय होऊ देऊ नये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र कायदा झाला आहे; परंतु कायदा नसता तरी दुसऱ्याच्या आयुष्याचा कागद जपून हाताळणे हे सभ्यपणाचे लक्षण आहे.

देणाराच भ्रष्ट झाला तर?

येथे एक रास्त शंका निघते. प्रमाणपत्र देणारी यंत्रणाच पोखरलेली असेल तर पडताळणीचा उपयोग काय? महाराष्ट्राने हा अनुभव घेतला आहे. शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरप्रकाराच्या तपासात डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक केली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये परिषदेने साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल रद्द केले. २०२५ साली नागपूर विभागात बनावट शालार्थ ओळखक्रमांकांच्या आधारे अपात्र व्यक्तींना शिक्षकांचे वेतन दिल्याच्या आरोपावरून गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या आणि विशेष तपास पथक नेमावे लागले.

यावरून दोन बोध घ्यावेत. एक, कागदाच्या जोडीला कामाची परीक्षा हवी. शिक्षकाला वर्गावर उभे करावे, मूल्यांककाच्या हाती खरा व खोटा दागिना द्यावा, लेखापालाकडून एका महिन्याची ताळेबंदाची जुळणी करून घ्यावी. खामगावच्या चांदीच्या बाजारात कारागिराचा हात पाहिला जातो, त्याची पदवी कोणी विचारीत नाही. तेथे कामच प्रमाणपत्र असते. दोन, पडताळणी ही एकदा करून संपणारी बाब नाही. परिवीक्षा काळ खऱ्या अर्थाने वापरावा आणि नोंदणीचे नूतनीकरण दरवर्षी पाहावे.

अनेक वर्षे नोकरी झाली म्हणजे खोट्याचे खरे होते, हाही भ्रम आहे. बनावट जातप्रमाणपत्रांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१७ रोजी दिलेल्या निकालात, दावा अवैध ठरल्यावर केवळ दीर्घ सेवेच्या आधारे नोकरीला संरक्षण देता येणार नाही, अशी भूमिका घेतली. त्या प्रकरणाची पार्श्वभूमी महाराष्ट्राचीच होती. खोट्या कागदावर घेतलेल्या जागेमुळे ज्याचा हक्क हिरावला गेला, त्या अज्ञात उमेदवाराचा विचार त्यामागे आहे. मित्राला घेताना ज्याला नाकारले जाते, तोही असाच अज्ञात असतो. संग्रामपूरच्या किंवा लोणारच्या एखाद्या खेड्यातला तो तरुण खऱ्या गुणपत्रिकेसह रांगेत उभा असतो. त्याचा कोणी मित्र संचालक मंडळात नसतो. पडताळणी हा त्याचा एकमेव वशिला आहे.

विसंगती सापडल्यावर

खरी कसोटी कागद खोटा निघाल्यावर लागते. सगळ्या विसंगती सारख्या नसतात. शाळेच्या दाखल्यावरील नावाच्या स्पेलिंगचा फरक ही चूक आहे. दोन वर्षांचा अनुभव पाच करणे ही लबाडी आहे. न घेतलेली पदवी दाखविणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३३६ व ३४० बनावट दस्तऐवज करणे आणि तो वापरणे यांसंबंधीची आहेत. पोलीस व निमलष्करी दलातील उमेदवारांनी माहिती दडविल्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सांगितले की, दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. मात्र क्षुल्लक बाबीकडे कानाडोळा करण्याचा विवेक नियोक्त्याने वापरावा. हा तोल खाजगी संस्थेनेही सांभाळावा.

संबंधिताला लेखी विचारावे, त्याचे म्हणणे ऐकावे आणि निर्णय त्याच्या मित्राने न घेता इतरांनी घ्यावा. खोटेपणा सिद्ध झाला तर ‘जाऊ द्या, राजीनामा घेऊन मोकळे करू’ ही पळवाट टाळावी. असा माणूस पुढल्या तालुक्यात दुसऱ्या संस्थेत, कदाचित याच संस्थेच्या अनुभवपत्रावर, रुजू होतो.

महाभारतातील कर्णाची कथा या संदर्भात वेगळी शिकवण देते. त्याची योग्यता खोटी नव्हती. परशुरामांना सांगितलेली ओळख तेवढी खोटी होती. मिळविलेली विद्या ऐन वेळी आठवेनाशी झाली ती या असत्यामुळे. समर्थ माणसानेही खोट्या कागदाचा आधार घेतला की, त्याचे खरे सामर्थ्यही उपयोगी पडत नाही. आणि ज्या व्यवस्थेत गुण असूनही दार उघडत नाही, तिनेही आपली दारे तपासून पाहावीत, हा त्याच कथेचा दुसरा अर्थ.

मित्राला मदत कशी करावी?

मग अडचणीतल्या मित्राला वाऱ्यावर सोडावयाचे काय? मुळीच नाही. सुदामा द्वारकेस आला तेव्हा कृष्णाने त्याचे पाय धुतले, पोहे आवडीने खाल्ले आणि त्याचे दारिद्र्य दूर केले. पण यादवांचा सेनापती किंवा अमात्य म्हणून त्याची नेमणूक केली, असे कोठे वाचावयास मिळत नाही. कृष्णाने जे आपले होते ते दिले. संस्थेतील पद हे अध्यक्षाचे नसते, ते सभासदांचे असते. जे आपले नाही ते मित्राला देणे हे दान होत नाही. आपल्या खिशातून मदत करावी, मित्राच्या मुलाचे शुल्क भरावे, त्याला प्रशिक्षणाची वाट दाखवावी, जाहिरात निघाल्याचे कळवावे. इतरांबरोबर त्याने अर्ज करावा, इतरांसारखीच परीक्षा द्यावी आणि तो योग्य ठरला तर त्याला मानाने घ्यावे. योग्य मित्र मिळणे हे संस्थेचे भाग्यच असते.

मित्राचीही एक जबाबदारी आहे. ‘माझे कागद बघायचे राहू दे’ असे म्हणणारा मैत्रीची किंमत मागत असतो. खरा मित्र मूळ प्रमाणपत्रांची पिशवी घेऊन स्वतः पुढे येतो, कारण उद्या कोणी ‘वशिल्याने लागला’ म्हटले तर उत्तर देण्यासाठी ती नोंदच त्याच्या उपयोगी पडणार असते.

प्रत्येक संस्थेने पुढील सभेत एक छोटा ठराव करावा. कोणतीही नेमणूक, ती कोणाचीही असो, मूळ कागदपत्रांची पडताळणी पूर्ण होऊन तशी लेखी नोंद झाल्याखेरीज रुजू करून घेतली जाणार नाही. नियम सर्वांना सारखा असला की कोणालाही तो अपमान वाटत नाही आणि अध्यक्षाला मित्राच्या तोंडावर ‘नाही’ म्हणण्याचा प्रसंगही येत नाही. ‘नियम आहे’ एवढेच सांगावे लागते. या ठरावाला खर्च नाही, शासनाची परवानगी लागत नाही. पाच-दहा टपाल हशील आणि थोडा संकोच गिळणे, एवढेच काय ते लागते. ज्या ठेवीदाराने, पालकाने वा रुग्णाने संस्थेची पाटी पाहून विश्वास टाकला, त्याच्यासाठी एवढे करणे चालकांचे कर्तव्य आहे.